‘वऱ्हाड’चे ‘व-हाड’ होऊ नये म्हणून: स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रामीण वाचनालयात अंध वाचकांसाठी पुस्तके तयार करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा पहिले पुस्तक कापसाच्या लागवडीचे होते. पाने स्कॅन केली, संगणकाने त्यांतील अक्षरे ओळखून मजकूर दिला, आणि आम्ही तो वरवर चाळून बारावीत शिकणाऱ्या एका अंध विद्यार्थिनीला दिला. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “सर, हे ‘प’ आणि ‘हाटी’ काय आहे? पुस्तकभर येते.” तो शब्द ‘पऱ्हाटी’, म्हणजे कपाशी, होता. संगणकाने त्याचे ‘प-हाटी’ केले होते आणि वऱ्हाडाचे ‘व-हाड’. आमच्या डोळ्यांना ती आडवी रेघ दिसूनही खटकली नव्हती, कारण डोळे सवयीने पूर्ण शब्द वाचत होते. तिच्या कानांवर मात्र ‘व’ आणि नंतर एक सुटे हाड पडत होते.

डोळस वाचकाला पानावरचा शाईचा डाग दिसतो, अर्धवट उमटलेले अक्षर दिसते, आणि तो मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे सरकतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, चुकलेले अक्षरही तितक्याच ठाम आवाजात वाचतो आणि ब्रेलमध्ये चुकलेले अक्षर बरोबर अक्षराइतकेच ठसठशीत उमटते. मूळ पान पाहून खात्री करून घेण्याची सोय त्या वाचकाला नाही. म्हणून या कामातील सर्वांत घातक चूक ही विचित्र दिसणारी चूक नसते. ज्या चुकीचाही काही अर्थ लागतो, ती खरी घातक. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

कामाला लागण्यापूर्वी

पुस्तक आधीच कोणी तयार केले आहे का, हे पाहावे. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ साली सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय आणि ‘बुकशेअर’ हे असेच दुसरे ऑनलाइन ग्रंथालय या दोन ठिकाणी शोध घेतल्यास महिनाभराची मेहनत वाचू शकते. कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ यात २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या तरतुदीनुसार अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करता येते; मात्र ते काम नफ्यासाठी नसावे आणि ती प्रत अशाच वाचकांपर्यंत जावी. तयार झालेली फाइल गावच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांसाठी टाकणे या सवलतीत बसत नाही, हे उत्साही कार्यकर्त्यांना पुन्हापुन्हा सांगावे लागते.

त्यानंतर पुस्तकाची पाने मोजावीत. गळालेले किंवा दोनदा बांधले गेलेले फर्मे (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) जुन्या पुस्तकांत सर्रास सापडतात, आणि अर्धे मुद्रितशोधन झाल्यावर पान ९७ ते ११२ मुळातच नाहीत हे कळण्यासारखा मनस्ताप दुसरा नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात जुन्या बांधणीचा डिंक वाळून पाने सुटतात आणि वाळवीने तर अनेक कपाटांत परस्परच वाचन उरकलेले असते. फाटलेल्या पानासाठी दुसऱ्या वाचनालयातील प्रत मिळते का, हे याच टप्प्यावर पाहावे.

स्कॅन ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) करावे. तळटिपांसारखे बारीक टंक असल्यास ४०० वर. स्कॅनर नसेल तर मोबाइलवरही काम होते. ओसरीवर सावलीत, पण भरपूर उजेडात पुस्तक ठेवावे, पानावर जुन्या फोटोफ्रेमची स्वच्छ काच दाबावी आणि मोबाइल पानाला समांतर धरावा. पानाच्या मध्यभागी बांधणीकडे ओळी वाकल्या की त्या भागातील अक्षरे हमखास चुकतात. चांगल्या स्कॅनला लागलेली दहा मिनिटे पुढे मुद्रितशोधनाचे दोन तास वाचवतात, हा आमचा अनुभव आहे.

अक्षरे ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर किंवा गुगल ड्राइव्हमध्ये चित्र चढवून ते डॉक्समध्ये उघडण्याची सोय, हे दोन मार्ग आम्ही वापरतो. टेसरॅक्टमध्ये भाषा म्हणून मराठीच निवडावी. लिपी एकच असल्यामुळे हिंदी निवडूनही चालेल असे वाटते, परंतु मराठी छपाईतील पाकळीचा ‘ल’, देठाचा ‘श’, ‘ळ’ आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांची जोडाक्षरे हिंदी छपाईत एक तर वेगळी असतात किंवा नसतातच, आणि मग ‘डोळे’चे ‘डोले’ होते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अक्षरे एकेक करून ओळखणारी जुनी साधने चुकत, तेव्हा निरर्थक कचरा देत आणि तो लगेच डोळ्यांत भरे. टेसरॅक्टच्या २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासूनची आणि त्यानंतरची साधने शेजारच्या अक्षरांचा अंदाज घेऊन शब्द जुळवतात. त्यामुळे एकूण चुका कमी झाल्या, पण उरलेल्या चुका सभ्य कपडे घालून येऊ लागल्या. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने तर पानाचा फाटलेला कोपरा स्वतःच्या मनाने भरून देतात, आणि तो मजकूर इतका सुबक असतो की तेथे फाटले होते याचा पत्ताच लागत नाही. अशी साधने वापरावीत. परंतु जेथे मजकूर मूळ पानापेक्षा अधिक स्वच्छ वाटतो, तेथे अधिक संशय घ्यावा.

अक्षरे कोठे आणि का फसवतात

मराठी मुद्रितशोधकाने सर्वांत आधी शिरोरेषेकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ या तीन अक्षरांवरील शिरोरेषा डाव्या बाजूला तुटलेली असते. ‘घ’, ‘म’ आणि ‘य’ यांच्यावर ती सलग असते. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईत शाई जास्त झाली की ती फट बुजते आणि ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’ होतो. खिळा झिजलेला असला की उलट घडते. धारणी तालुक्याचा ‘घारणी’ होतो, भामरागडचे ‘मामरागड’, भद्रावतीचे ‘मद्रावती’, वर्धेचे ‘वर्घा’, आणि धामणगावचे ‘घामणगाव’ झालेले मी स्वतः पाहिले आहे. मे महिन्यात ते कोणी चूक म्हणून ओळखलेही नसते. गावांची नावे निदान माहितीची असतात. पण ‘गाईची धार काढली’ याचे ‘गाईची घार काढली’, ‘मला हाक मारली’ याचे ‘भला हाक मारली’, ‘मरण’चे ‘भरण’, ‘धडा’चा ‘घडा’, ‘धन’चे ‘घन’ झाले की शब्दकोशाची लाल रेघ उमटत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत.

याच पठडीतील दुसऱ्या जोड्या म्हणजे ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’, ‘ड’ आणि ‘इ’, आणि ‘ख’चे सुटून झालेले ‘रव’. ‘द्य’, ‘ध्य’ आणि ‘घ’ हे तिघे एकमेकांच्या घरात शिरतात: ‘विद्या’ची ‘विघा’ होते. ‘द्ध’चे ‘ध्द’ तर इतके वारंवार होते की ते आता माणसेही तसेच टंकित करू लागली आहेत.

अनुस्वार ही मराठीतील सर्वांत लहान आणि सर्वांत महाग खूण आहे. कागदावरील माशीचा डाग अनुस्वार म्हणून वाचला जातो, किंवा फिकट अनुस्वार धूळ समजून पुसला जातो. ‘शेतात’ म्हणजे एका शेतात आणि ‘शेतांत’ म्हणजे अनेक. ‘शेतकऱ्याला’ आणि ‘शेतकऱ्यांना’ यांत तर फरक उघड आहे, पण ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत फरक फक्त त्या ठिपक्याचा. एका डागाने माणसाची जमीन वाढते किंवा त्याचा मोठेपणा जातो. म्हणून सामान्यरूपातील प्रत्येक ‘त्या’, ‘या’, ‘ज्या’ येथे क्षणभर थांबून मूळ पानावर नजर टाकावी.

रफार आणि ‘ऱ’ यांचा घोळ सुरुवातीला सांगितलाच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे चिखलदऱ्याला पाहाल त्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून रूपांतरित केलेल्या मजकुरात हा ‘ऱ’ आडव्या रेघेच्या रूपाने येतो, म्हणून ‘-ह’ आणि ‘-य’ या दोन जोड्या शोधखिडकीत टाकून प्रत्येक ठिकाण तपासावे. शिवाय ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु वाचकाने ‘वऱ्हाड’ शोधला तर अर्धीच ठिकाणे सापडतात. पूर्ण पुस्तकात एकच पद्धत ठेवावी; आम्ही पहिली ठेवतो.

न दिसणाऱ्या चुका

डोळ्यांनी कितीही काळजीपूर्वक वाचले तरी सापडणार नाहीत अशा काही चुका असतात, आणि नवीन मुद्रितशोधकाला यांची कल्पनाच नसते. ‘को’ हे अक्षर ‘क’ आणि ‘ो’ यांचे बनलेले असावे. पण कधी त्यात ‘क’, काना आणि एक मात्रा अशा तीन वेगळ्या खुणा असतात. तसेच ‘आ’ हे अखंड अक्षर असण्याऐवजी ‘अ’ला काना जोडून केलेले असते. अनेक फाँटांत हे हुबेहूब दिसते. स्क्रीन रीडर मात्र अडखळतो, आणि ब्रेलमध्ये एका स्वराच्या जागी दोन स्वर उमटतात. उपाय सोपा आहे: शोधखिडकीत ‘ा’ आणि ‘े’ ही जोडी, मग ‘अ’ आणि ‘ा’ ही जोडी, अशा क्रमाने टाकून सर्वत्र योग्य अक्षर घालावे. सर्व ठिकाणी एकदम बदल करण्याची आज्ञा देण्यास मी हरकत घेत नाही असे हे एकमेव प्रकरण आहे. इतरत्र, विशेषतः ‘घ’चा ‘ध’ करताना, ‘सर्व बदला’ हे बटण दाबणे म्हणजे तण काढायला म्हणून उभ्या पिकात बैल सोडणे होय.

विसर्गाच्या जागी आलेला अपूर्णविराम हाही त्याच जातीचा. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत पुष्कळदा दोन टिंबांचे विरामचिन्ह टंकित झालेले असते. दिसायला फरक नसतो; ऐकताना मात्र शब्द मध्येच तुटतो. याउलट संवादांपूर्वी ‘तो म्हणाला:’ येथे विसर्ग लागलेला असतो. पूर्णविरामाच्या जागी आलेला दंड आणि काना यांचीही अशीच अदलाबदल होते.

अक्षरांमधील जादा मोकळी जागा डोळस वाचकाला जाणवतही नाही. जुन्या पुस्तकांत मथळे ‘शे त क री’ असे पसरून छापत. स्क्रीन रीडर ती चार अक्षरे बाराखडी म्हटल्यासारखी म्हणतो. ओळीच्या शेवटी संयोगचिन्हाने तोडलेले शब्द जोडून घ्यावेत, परंतु ‘शेती-वाडी’, ‘आई-वडील’ यांसारख्या शब्दांतील मूळचे संयोगचिन्ह खाऊ नये. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेले पुस्तकाचे नाव काढून टाकावे, कारण ते वाक्याच्या पोटात घुसते. पृष्ठक्रमांक मात्र काढू नये. वर्गात गुरुजी ‘पान ४२ काढा’ म्हणतात, तेव्हा त्या विद्यार्थ्यालाही ते काढता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक पान सुरू होते तेथे तो क्रमांक वेगळ्या ओळीत ठेवावा.

अंक: येथे अंदाज चालत नाही

शब्दात चूक झाली तर संदर्भाने ती पकडता येते. अंकाला संदर्भ नसतो. ‘१’ आणि ‘९’ हे दोन अंक जुन्या छपाईत इतके सारखे दिसतात की १९११ चे १९१९ कधी झाले ते कळत नाही. ‘३’ आणि ‘उ’, ‘०’ आणि इंग्रजी अक्षर ‘ओ’, ‘५’ आणि ‘४’ यांच्याबाबतही हेच. प्रत्येक साल, प्रत्येक भाव, खताचे प्रत्येक प्रमाण मूळ चित्राशी अंक-अंक लावून पाहावे. फवारणीच्या औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या पुस्तकात ही निव्वळ शुद्धतेची बाब राहत नाही.

शेतीची, जमाखर्चाची जुनी पुस्तके हाती घेणाऱ्यांना आणखी एक अडचण येईल. पूर्वी ‘२॥ एकर’ असे छापत आणि ते अडीच एकर वाचले जाई; ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥।’ म्हणजे पावणेदोन. संगणक या उभ्या रेघांना कधी एकचे अंक समजतो, आणि मग अडीच एकर शेताचे २११ एकर होतात. मूळ खूण तशीच ठेवून तिच्यापुढे चौकटी कंसात ‘अडीच’ असे लिहिण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे; नव्या पिढीच्या डोळस वाचकांनाही त्याचा उपयोग झाला.

पुस्तक सुधारायचे नाही

गावात मुद्रितशोधनाला बहुधा निवृत्त शिक्षक येतात, आणि त्यांच्या हाताला लाल शाईची सवय असते. मीही त्यांतलाच. म्हणून हे परखडपणे लिहितो: आपले काम पानावर जे छापले आहे ते वाचकापर्यंत पोहोचवणे हे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘होतें’ असे अनुस्वार असतात. ते त्या काळाचे लेखन आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. अंध वाचकाला जुने पुस्तक जुनेच मिळण्याचा हक्क आहे. मराठीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला तर त्या अनुस्वारांतच पुस्तकाचे वय कळते.

वऱ्हाडी बोलीबाबत धोका अधिक मोठा आहे. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो: ‘डोया’, ‘काया’, ‘जवय’, ‘पोया’. बोलीत लिहिलेल्या कथेत ‘काहून’, ‘माह्या’, ‘जाऊन राह्यला’ असे येते. अक्षरे ओळखणारे साधन ‘डोया’चे कधी ‘डोळा’ करते आणि कधी ‘डोक्या’. त्यानंतर गुरुजी येऊन उरलेले सारे प्रमाण मराठीत आणतात, आणि पात्राच्या तोंडची भाषा पुण्याला जाऊन येते. येथे आपण विदर्भातले असणे हा मोठा फायदा आहे, कारण चूक कोणती आणि बोली कोणती हे आपल्या कानाला कळते. तरीही कानावर विसंबून एकही अक्षर बदलू नये. एकाच पुस्तकात लेखकाने एकदा ‘माह्या’ आणि एकदा ‘माया’ लिहिले असेल, तर दोन्ही तसेच ठेवावेत.

मुळातच छपाईची चूक असेल तर? ‘पाणी’च्या जागी ‘पाणा’ असे उघडच खिळा चुकून लागले असेल तर ती दुरुस्त करून फाइलच्या शेवटी नोंद करावी, असा आमचा प्रघात आहे. ज्या संस्थेसाठी काम करीत असाल तिचा नियम वेगळा असेल तर तो पाळावा. शंका असेल तर दुरुस्ती करू नये. आणि जे वाचताच येत नाही त्याच्या जागी चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहावे. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. अंदाजाने भरलेला शब्द ही मात्र फसवणूक आहे.

काम करण्याचा क्रम

मजकूर हाती येताच आधी वर सांगितलेले शोध घ्यावेत, म्हणजे एकाच प्रकारच्या चुका एका बैठकीत निघतात. मग पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात मूळ पानाचे चित्र आणि उजव्या भागात मजकूर ठेवून ओळ-ओळ ताडून पाहावी. अक्षर मोठे ठेवावे. अठराहून कमी आकारात ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फट दिसत नाही. मला एका तासात आठ ते दहा पाने होतात आणि तासाभरानंतर डोळे समजुतीने वाचू लागतात, म्हणून तेथेच थांबतो.

शेवटची फेरी कानांची. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवावा. इन्सर्ट आणि खाली जाण्याचा बाण या कळा एकत्र दाबल्या की तो सलग वाचू लागतो. मोबाइलवर टॉकबॅक आहे. वाचन सुरू असताना मूळ पुस्तकाच्या ओळींवर बोट फिरवीत जावे. डोळ्यांनी निसटलेले ‘घार काढणे’ कान हमखास पकडतात. जुन्या छापखान्यांत एक जण मोठ्याने वाची आणि दुसरा प्रूफ तपासी, तेच हे. संत गुलाबराव महाराजांना अवघ्या काही महिन्यांचे असताना अंधत्व आले होते. अमरावती जिल्ह्यातील या प्रज्ञाचक्षू ग्रंथकाराने (१८८१–१९१५) इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊनच एवढी ग्रंथसंपदा निर्माण केली. तेव्हा ऐकून केलेले वाचन दुय्यम प्रतीचे असते, असे निदान आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये.

कानांच्या फेरीलाही मर्यादा आहे. ‘पाणी’ आणि ‘पाणि’, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद संगणकाच्या आवाजात जवळजवळ ऐकू येत नाही. ब्रेल वाचणाऱ्या बोटांना तो स्पष्ट कळतो. १९५१ पासून देशभर स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये प्रत्येक स्वराला सहा टिंबांच्या चौकटीत स्वतंत्र खूण आहे आणि ती व्यंजनानंतर उच्चारक्रमाने येते. जोडाक्षरासाठी चौथ्या टिंबाची खूण आधी देऊन मग व्यंजने येतात, म्हणजे ‘भक्ती’ हा शब्द भ, ती खूण, क, त आणि दीर्घ ई असा वाचला जातो. एक वेलांटी चुकली की तेथे वेगळे अक्षर हाताला लागते. ज्या पुस्तकाची ब्रेल प्रत निघणार आहे त्यातील ऱ्हस्व-दीर्घ म्हणूनच डोळ्यांच्या फेरीत दुप्पट बारकाईने पाहावेत. एका छापील पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात आणि जाड कागद महाग पडतो. छापून झाल्यावर सापडलेली चूक खोडरबराने जात नाही.

मांडणीबाबत थोडक्यात सांगायचे तर प्रकरणांची नावे नुसती ठळक न करता वर्ड किंवा लिबरऑफिसमधील मथळ्याची शैली त्यांना द्यावी, म्हणजे वाचक एका कळीने प्रकरणामागून प्रकरण ओलांडू शकतो. तळटीप वाक्याच्या मध्ये येऊ देऊ नये. ती परिच्छेदाच्या शेवटी ‘तळटीप’ असे म्हणून घ्यावी. ओव्या-अभंगांच्या ओळी गद्यासारख्या जोडू नयेत. चित्राचे वर्णन दोन वाक्यांत करावे आणि त्यात स्वतःचे मत घालू नये.

अनेकांनी मिळून काम करायचे असेल तर पुस्तकाचे वीस-वीस पानांचे भाग करावेत आणि विशेषनामांची एक सामाईक यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी, नाहीतर एकाच्या भागात घाटंजी आणि दुसऱ्याच्या भागात धाटंजी राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी फिरकत नाही, हे धरूनच वेळापत्रक आखतो. भारनियमनामुळे मजकूर दर पाच मिनिटांनी जतन करण्याची सवय मात्र कोणाला शिकवावी लागली नाही.

पूर्ण झालेली फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातील कोणतीही दोन पाने एका अंध वाचकाकडून वाचून घ्यावीत आणि ब्रेल होणार असेल तर ती दोन पाने आधी छापून पाहावीत. पाठवल्यानंतरही स्कॅनची मूळ चित्रे पुसू नयेत. पृष्ठक्रमांकानुसार नाव देऊन ती जपून ठेवावीत. त्या विद्यार्थिनीचा आता महिन्याकाठी एखादा फोन येतो. “सर, पान ११२, तिसरा परिच्छेद, ‘माल भरला’ आहे की ‘माल मरला’?” मग चित्र उघडायचे, मोठे करायचे, आणि शिरोरेषेला डाव्या बाजूला फट आहे का ते पाहून तिला सांगायचे.